नाशिकच्या सुरगाणा-पेठ भागातल्या १०८ रुग्णवाहिका सेवेवर प्रबंध करतोय. गाडी पोचायला लागणारा वेळ मोजला तर पुरेल का?

नाही पुरणार. १०८ ची नोंद फोन लागल्यावर सुरू होते आणि पाड्यावर बराच वेळ त्याआधीच गेलेला असतो. थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंब मांडले: दवाखान्यात जायचं ठरवायला, तिथे पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला. आराखडा त्यावर बेता.

मधला विलंब नीट उकलून पाहा. रेंजसाठी कोणाला टेकडीवर चढावं लागलं का? पाड्यापासून गाडीरस्त्यापर्यंत बाईला झोळीतून किती लांब आणलं? ओहोळाला पाणी होतं तेव्हा काय केलं? कॉल सेंटरच्या आकड्यांत हे सापडत नाही, आशाताई आणि घरच्यांशी बसून बोलावं लागतं. त्यासाठी पावसाळ्यातच जा. भाताची आवणी चालू असेल तर संध्याकाळी, दिवसभर माणसं शेतात असतात.

१०८ ला फोनच न करता जीपने किंवा दुचाकीवर मधे बसवून नेलेले रुग्णही नमुन्यात हवेतच, नाहीतर फक्त गाडी मिळालेल्यांचा अभ्यास होईल. तिसऱ्या विलंबासाठी, उदाहरणार्थ सर्पदंशात विषावरची लस (अँटिव्हेनम) प्रत्यक्ष कधी सुरू झाली, ती वेळ केसपेपरवरून घ्या. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या, आणि मृत्यू झालेल्या घरी आशाताईंना विचारल्याशिवाय जाऊ नका.