दातांना ब्रेसेस लावल्यावर ट्रम्पेट सोडावा लागतो का?

आपण लिहिले आहे की, १३ वर्षांचा आपला मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, पुढच्या महिन्यात त्याला ब्रेसेस बसणार आहेत आणि बँडशिक्षकांनी त्याला आतापासूनच साइड ड्रमकडे जाण्यास सांगितले आहे. शिक्षकांचे ऐकावे का आणि धातूऐवजी सिरॅमिकच्या ब्रेसेस घेतल्याने फरक पडेल का, असे आपले दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मी ठामपणे देतो: ऐकू नये. ट्रम्पेट सुरू ठेवावा. हा वाद माझ्या स्वतःच्या घरात झालेला असल्यामुळे मी जरा सविस्तर लिहीत आहे.

आमच्या घराण्याचा सांगली जिल्ह्यात लग्नाचा बँड आहे. वडिलांनंतर तो माझे थोरले बंधू चालवतात आणि मी पुण्यात मुलांना ट्रम्पेट शिकवतो. बंधूंची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, आठवीत असताना तिच्या दातांना तारा बसल्या. त्याच आठवड्यात बंधूंनी तिचा ट्रम्पेट पेटीत घालून पेटी माळ्यावर ठेवली. त्यांचे म्हणणे असे होते की, ओठांवर माउथपीस, म्हणजे ट्रम्पेटचा तोंडाला लावायचा भाग, दाबल्याशिवाय वरचा सूर लागत नाही, दाबला तर ओठ आतून तारांवर कापले जाणार, तेव्हा तारा असेपर्यंत पोरीने झांज वाजवावी. मुलीच्या काळजीपोटीच ते हे बोलत होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यांच्या युक्तिवादाचे पहिले वाक्यच चुकीचे आहे, हे मी त्यांना ब्रेसेसचा विषय निघण्याच्या कितीतरी आधीपासून सांगत आलो आहे.

वरचा सूर दाबाने लागत नाही. बोटांनी दाबायच्या कळांपैकी (वॉल्व्ह) एकही न दाबता ट्रम्पेटमधून खालचा सा, प, वरचा सा, ग, प असे सूर निघतात आणि त्यांतला फरक ओठांमधली फट किती बारीक आहे, ओठांच्या कोपऱ्यांचे स्नायू किती घट्ट आहेत आणि हवा किती वेगाने जाते, यावर ठरतो. माउथपीस दाबला की ओठ दातांवर ताणले जातात आणि सूर क्षणभर वर चढतो, हे खरे आहे. त्याच वेळी ओठांतला रक्तप्रवाह अडतो, ओठ सुजतात आणि थोड्याच वेळात मधला प सुद्धा फाटू लागतो. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगसारख्या वादकाचे ओठ अशा वाजवण्याने कायमचे दुखावले होते, आणि ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या दुखापतीला वैद्यकीय लेखनात त्याच्याच ‘सॅचमो’ या टोपणनावाने ओळखले जाते.

बंधूंना दाबण्याची सवय का लागली, हेही मला समजते. वरातीत भर रस्त्यावर, जनरेटरच्या आवाजात, ढोलांच्या पुढे उभे राहून अर्धी रात्र वाजवायचे असते. तिथे सुराचा बारकावा कोणी ऐकत नाही, आवाज पोहोचला पाहिजे एवढीच अपेक्षा असते. दमलेला वादक मग उजव्या हाताची करंगळी ट्रम्पेटच्या वरच्या हुकात अडकवतो आणि वाद्य तोंडाकडे ओढतो. बंधू लहानपणापासून तसेच वाजवत आले आणि चाळिशी गाठण्याआधी त्यांना वरचा सा जड जाऊ लागला. मला मुंबईत एका वृद्ध गोमंतकीय वादकाकडे शिकायला मिळाले. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत स्वरलिपी शिकून मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत आलेल्या पिढीतले ते होते. ते ट्रम्पेट उताण्या तळहातावर नुसता ठेवायला लावत, बोटांनी धरूही देत नसत आणि तशा स्थितीत मधला प धरायला सांगत. दाबायला पकडच नसल्यामुळे सूर हवेनेच काढावा लागे.

पुतणीला मी दिवाळीच्या सुटीत पुण्याला आणले आणि तिच्याकडून हेच करून घेतले. पहिले काही दिवस तिच्या ओठांतून नुसती हवा जाई, कारण ब्रेसेसमुळे ओठांमागचा आधारच पुढे सरकतो आणि ओठांना बसण्याची नवी जागा शोधावी लागते. आम्ही खालच्या सा पासून मधल्या प पर्यंतच राहिलो, लांब सूर, अगदी हळू आवाजात, पाच-दहा मिनिटे वाजवून तेवढीच विश्रांती. करंगळी हुकाबाहेर. ओठ आतून टोचू लागला की ती स्वतःच वाद्य खाली घेई, त्यामुळे ती किती दाबते आहे हे मला सांगावे लागत नव्हते. ब्रेसेसचा हा फायदा शिक्षकांनी ओळखायला हवा: इतर मुले वर्षानुवर्षे दाबत राहतात आणि त्यांना ते कळतही नाही. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती ट्रम्पेटच्याच रांगेत होती. वरचा प तिला तेव्हा लागत नव्हता आणि तो सूर तिच्या वाट्याला देऊ नये, एवढीच विनंती मी तिच्या शिक्षकांना केली होती. बंधू आजही म्हणतात की पोरीचे ओठ मुळात चांगले म्हणून निभावले. ओठ चांगले होतेच; ते तसेच राहिले ते न दाबल्यामुळे.

आता सिरॅमिकविषयी. तार धरून ठेवण्यासाठी दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे म्हणजे ब्रॅकेट. सिरॅमिकचे ब्रॅकेट बहुधा धातूच्या ब्रॅकेटपेक्षा थोडे जाड असतात, त्यामुळे ट्रम्पेट वाजवणाऱ्याला त्यांचा लाभ दिसण्यापुरताच आहे. अलाइनर, म्हणजे दातांवर बसवायचे काढता येणारे पारदर्शक साचे, वाजवण्यासाठी सोयीचे असतात, पण ते दिवसातून २० ते २२ तास घालावे लागतात आणि दात फारच वेडेवाकडे असतील तर चालतीलच असे नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. ब्रॅकेटवर लावायचे मेण डॉक्टरांकडे किंवा औषधांच्या दुकानात मिळते. ते वाजवण्याआधी लावावे, पण त्याच्या भरवशावर दाब वाढवू नये. तारा घट्ट केल्यावर दोन-चार दिवस दात दुखतात, तेव्हा फक्त खालचे सूर वाजवावेत किंवा सुटी घ्यावी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तोंडातली जखम बरी होत नसेल किंवा ब्रॅकेट सुटला असेल, तर वाजवणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. परीक्षा किंवा स्पर्धा तोंडावर असेल, तर ब्रेसेसची तारीख तिच्यानंतरची मागावी. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास साधारण १६-१७ मिलिमीटर असतो, तर ट्युबाचा ३० च्या पुढे, म्हणून मोठ्या माउथपीसच्या वाद्यांवर हा त्रास कमी होतो. मुलाला मनापासून युफोनियम किंवा ट्युबा ही मोठी पितळी वाद्ये आवडत असतील, तर ती वाट वाईट नाही. त्याच्यावर ती लादू मात्र नये. ब्रेसेस निघाल्यावरही काही आठवडे ओठांची ठेवण नव्याने बसवावी लागते, तेव्हा त्या सुमारास कार्यक्रम ठरवू नका.

बँडशिक्षक तरीही ड्रमचाच आग्रह धरतील, तर त्यांच्याकडे सहामाही परीक्षेपर्यंतची मुदत मागा आणि त्या काळात मुलाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या ट्रम्पेटचा, म्हणजे खालच्या सुरांचा, भाग द्यायला सांगा. मुदत संपल्यावर त्यांच्यासमोर त्याने करंगळी हुकाबाहेर ठेवून मधला प एका श्वासात स्थिर धरून दाखवावा आणि ड्रमचा निर्णय त्यानंतरच व्हावा.