वाडीवर नेट आणायचंय, वर्गणी जमलीये, आता पुढे?

प्रश्न : सर, आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या कातळावर, जाऊन उभं राहिलं तर फोनला दोन काड्या, नाहीतर नाहीच. सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलीये पण पंचायत खालच्या गावठाणात, आमच्यापासून तीनेक किलोमीटर. मुंबईच्या मंडळाने गणपतीत वर्गणी काढलीये, टॉवर उभा करू म्हणतायत सगळे. करावा का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दादा, टॉवर तूर्त विसरा, तुमच्याकडे देवाने दिलेला टॉवर आहे, सडा. पंचायतीच्या गच्चीवरून सडा दिसतो का, आणि सड्यावरून वाडी दिसते का, हे आधी उघड्या डोळ्यांनी बघून या. दिसत असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओंच्या (समोरासमोर लावून हवेतून नेट पाठवणाऱ्या, वायफायसारख्या पेट्यांच्या) दोन जोड्यांत काम होतं, एक पंचायत ते सडा, दुसरी सडा ते वाडी. नेपाळात महाबीर पुन यांनी नांगी गावात असंच डोंगरावरून डोंगरावर करत नेट नेलं, सुरुवातीला तर टीव्हीच्या डिशचे अँटेना करून झाडांवर बांधले होते, त्यांना २००७ साली मॅगसेसे मिळालं. तुम्हाला झाडावर चढायची गरज नाही, उलट मध्ये झाड नकोच. पावसाचं पाणी या सिग्नलला फारसं अडवत नाही, पण ओली पानं अडवतात, म्हणून मे महिन्यात मस्त चालणारी लिंक जुलैत रडायला लागते आणि सगळे कंपनीला शिव्या देतात. टेस्ट करायची तर पावसाळ्यात करा.

सड्यावर लाईट नसणार. एक रेडिओ दहा वॉटच्या आतच खातो, तिथे दोन लागतील, त्यामुळे सोलर पॅनल आणि बॅटरीवर भागतं, पण कोकणात जून ते ऑगस्ट ऊन म्हणजे नावालाच, तेव्हा दुकानदार सांगेल त्याच्या दुप्पट पॅनल घ्या आणि बॅटरीत चिंगूसपणा करू नका. केबल पाईपातून न्या, माकडं कुरतडतात. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, त्यासाठी माहितगार इलेक्ट्रिशियन बोलवा, परतीच्या पावसात वीज कडाडली की पहिला बळी रेडिओचाच जातो.

आता खरी गोष्ट. जमलेल्या पैशातले निम्मे बँकेत ठेवा, हात लावू नका. सामान एका दिवसात येतं, पण ते आठव्या महिन्यात बंद पडतं तेव्हा मंडळाचे सगळे परळ-विरारला असतात आणि वाडीत उरतात आजी-आजोबा. वाडीतच राहणारी एक व्यक्ती शोधा, बारावी झालेली पोरगी असेल तर उत्तम, तिला शिकवा आणि दर महिन्याला मानधन द्या, फुकट सेवा म्हणून नको, फुकटची सेवा दिवाळीपर्यंत टिकते. घरटी महिन्याची वर्गणी ठरवा. दक्षिण आफ्रिकेत मानकोसी गावच्या लोकांनी झेन्झेलेनी नावाची सहकारी संस्था काढलीये, त्यांनी सुरुवातीला सोलरवर मोबाईल चार्ज करून देऊन पैसे उभे केले, नेट त्याच्यासोबत. आपल्याकडे सहकार शिकवायला कुणी बाहेरून यायला नको खरं तर.

आणि जागा! सड्याच्या सातबाऱ्यावर पंचवीस नावं असतील, त्यातला एक भाऊबंद ऐनवेळी उभा राहणारच. इंग्लंडात लँकेशरच्या शेतकऱ्यांनी २०११ मध्ये बी-फोर-आर-एन ही संस्था काढून फायबर टाकली ती स्वतःच्या शेतातून फुकट वाट देऊन, चर पण स्वतःच खणले आणि त्या मेहनतीचे शेअर घेतले. तसं मन आपल्याकडे मिळालं तर चांगलंच, नाहीतर सरळ पाण्याची टाकी किंवा शाळेचं छप्पर बघा आणि ग्रामसभेचा ठराव लिहून घ्या.

प्रश्न : हे कायदेशीर आहे का? उद्या कोणी तक्रार केली तर?

उत्तर : रेडिओसाठी परवाना लागत नाही, ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये मोकळा झालाय. (आयआयटी मुंबईने पालघरच्या काही गावांत ग्राममार्ग प्रकल्पात टीव्हीच्या मोकळ्या फ्रिक्वेन्सी वापरून बघितल्या, त्या झाडीतून जास्त चांगल्या जातात, पण त्या अशा खुल्या नाहीत, तो नाद नको.) घरचं कनेक्शन घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणं मात्र चालत नाही. त्यासाठी पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वायफायची योजना आहे, डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. बचत गट किंवा किराणा दुकानदारसुद्धा पीडीओ, म्हणजे लोकांना वायफाय विकणारा, होऊ शकतो, लायसन्स नाही, फी नाही, फक्त दूरसंचार विभागाकडे नोंदणी असलेल्या पीडीओएशी, म्हणजे अनेक पीडीओंना सांभाळणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यायचं, लॉगिनचा हिशोब तो ठेवतो. आणि पंचायतीची फायबर घेण्याआधी महिनाभर रोज जाऊन बघा की ती चालू असते का. फायबरच्या यंत्राच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली ग्रामसेवकाकडे असं असेल तर वरचं सगळं व्यर्थ.

प्रश्न : नेट आलं तर पोरं रील्सच बघत बसणार, म्हातारी माणसं विरोध करतायत.

उत्तर : बघणारच, मुंबईतली पण बघतात! पण सातबारा, रेशनची केवायसी, ई-संजीवनीवर डॉक्टर, यासाठी देवरूखची एसटी पकडावी लागते ते म्हाताऱ्यांनाच जास्त नडतं, आधी त्यांचंच एखादं काम करून द्या. शाळेत एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) लावून त्यात किविक्सवरून (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं फुकट सॉफ्टवेअर) मराठी विकिपीडिया टाकून ठेवा, तो लिंक पडली तरी चालतो. आणि रात्री साडेदहाला वायफाय बंद करायचं असेल तर राऊटरमध्येच टायमर असतो, वेळ ग्रामसभेत ठरवा म्हणजे शिव्या त्या पोरीला बसणार नाहीत.