वाचकांचे प्रश्न : पोथीच्या पानावरचे आचार्य कोण?

प्रश्न : आमचे कुटुंब दिगंबर जैन असून अनेक पिढ्यांपासून सोलापुरात आहे. पणजोबांच्या लाकडी पेटीत जुन्या पोथीची दोन सुटी पाने सापडली. एका पानावर पांढऱ्या वस्त्रातील साधू छताखालच्या उंच आसनावर बसले असून समोर दोन शिष्य हात जोडून आहेत, आणि मध्ये दोरीने बांधलेल्या काड्यांच्या तिकाटण्यासारखी एक वस्तू आहे. दुसऱ्या पानावर तसेच साधू दाढीवाल्या, निळा लांब अंगरखा घातलेल्या राजाशी बोलत आहेत. दोन्ही चित्रांत पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर आलेला दिसतो. हे साधू कोण असावेत, आणि ही पाने चौकटीत घालून दिवाणखान्यात लावावीत का? फोटो सोबत जोडले आहेत. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा प्रयत्न येथे निष्फळ ठरेल. पश्चिम भारतातील, म्हणजे मुख्यतः गुजरात-राजस्थानातील जैन चित्रकार आचार्यांचा चेहरा रंगवत नसत, त्यांचे पद रंगवत असत. टोकदार नाक, दुहेरी हनुवटी आणि लांबट डोळे सर्वांनाच सारखे असल्यामुळे गुरू ओळखायचा तो आसनाची उंची, वरचे छत, शिष्यांपेक्षा मोठी काढलेली आकृती आणि हातातील उपकरणे यांवरून. आपल्या चित्रातील साधूंचा उजवा खांदा उघडा आहे, हातात मुहपत्ती (तोंडापुढे धरायचे वस्त्र) आहे आणि काखेजवळ ओघा (लोकरीचा कुंचा) दिसतो. हे श्वेतांबर साधूचे वर्णन झाले. मधले ‘तिकाटणे’ म्हणजे स्थापनाचार्य. प्रत्यक्ष गुरू समोर नसतानाही क्रिया गुरूंच्या साक्षीने व्हावी म्हणून ते मांडतात. मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू धारण करणारे दिगंबर मुनी पाहायचे असतील तर दिगंबर परंपरेतील यशोधरचरिताच्या सचित्र पोथ्या पाहाव्या लागतील.

दुसरे पान अधिक बोलके आहे. दाढी, निळा अंगरखा आणि परदेशी धाटणीचा चेहरा या खुणा ‘साही’ म्हणजे शक राजाच्या असून, त्या एकत्र दिसल्या की कालकाचार्य कथेचा विचार प्रथम करावा. ही कथा पुष्कळदा कल्पसूत्र या श्वेतांबरांच्या तीर्थंकरचरित्रे सांगणाऱ्या ग्रंथाच्या पोथीलाच जोडलेली असते. उज्जयिनीचा राजा गर्दभिल्ल याने कालकाचार्यांची साध्वी बहीण सरस्वती हिला पळवून नेले, तेव्हा आचार्य सिंधूपलीकडे जाऊन साही राजांना घेऊन आले. गर्दभिल्लाजवळ गर्दभी विद्या होती. त्या गाढवीचे ओरडणे कानी पडताच शत्रुसैन्य गारद होई. म्हणून धनुर्धरांनी ती ओरडण्याआधीच तिचे तोंड बाणांनी भरून टाकले. तटावर उभी असलेली, जबडा वासलेली ती गाढवी आणि खाली धनुष्य ताणलेले स्वार हे चित्र या पोथ्यांत इतक्या आवडीने काढलेले आढळते की, चित्रकाराला धर्मकथेपेक्षा गाढवीतच अधिक रस होता की काय, अशी शंका येते.

याच कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात येतो. कालकाचार्य प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला असताना भाद्रपद शुद्ध पंचमीला तेथे इंद्रमहोत्सव असे, आणि जैनांचे पर्युषण हे वार्षिक पर्वही त्याच दिवशी येई. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी आल्यास पर्युषणाला उपस्थित राहता येणार नाही, असे सातवाहन राजाने सांगितल्यावर आचार्यांनी पर्व चतुर्थीला आणले, अशी परंपरा आहे. श्वेतांबर मूर्तिपूजकांची संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागण्याचा दिवस, साधारणतः गणेशचतुर्थीच्या सुमारास येते आणि आपल्याकडचे, म्हणजे दिगंबरांचे, दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होते, हे आपण दरवर्षी पाहताच.

बाहेर आलेल्या डोळ्याविषयी एक स्पष्टीकरण असे दिले जाते की, श्वेतांबर मूर्तींना वरून बसवलेल्या डोळ्यांचा तो परिणाम आहे. मला ते पटत नाही, कारण असा डोळा दिगंबर पोथ्यांतही आहे आणि त्याची सुरुवात वेरूळच्या कैलास लेण्यातील भित्तिचित्रांतच दिसते. पाऊणभर वळलेला चेहरा हळूहळू पूर्ण बाजूला वळत गेला, पण पलीकडचा डोळा चित्रकारांनी सोडला नाही, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. पाहून काढल्यासारखे चेहरे पुढे मुघल दरबाराच्या संपर्कातून आले. आग्र्याच्या जैन संघाने श्वेतांबर आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेले 1610 चे विज्ञप्तिपत्र (आचार्यांना पाठवायचे सचित्र पत्र) जहांगीरच्या पदरच्या उस्ताद शालिवाहनाने चितारले, त्यात हा फरक सहज कळतो.

श्वेतांबर पोथीची पाने दिगंबर घरात कशी, असेही आपल्या मनात असेल. ग्रंथांचा संग्रह करणाऱ्यांनी पंथ पाहिला नाही, इतकेच मी म्हणेन. आणि ग्रंथांविषयीची आस्था सोलापूरला नवी नाही. कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात षट्खंडागम या दिगंबर ग्रंथावरील धवला टीकेची जी सचित्र ताडपत्रे आहेत, त्यांच्या प्रती करवून घेण्यासाठी 19 व्या शतकाच्या अखेरीस खटपट करणाऱ्यांत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद होते.

पाने अस्सल आहेत की नाहीत, हे फोटोवरून ठरवता येत नाही. जुन्या कोऱ्या किंवा लिहिलेल्या कागदावर नवी चित्रे काढून विकण्याचा धंदा चांगलाच चालतो. मजकूर चित्राखाली शिरलेला असेल तर सावध व्हावे. लेखक आधी मजकूर लिहून चित्रापुरती जागा मोकळी सोडत असे आणि कधी समासात चित्रकारासाठी दोन शब्दांची सूचनाही लिहीत असे. ती सूचना सापडली तर प्रसंग नक्की होईल, म्हणून प्राकृत जाणणाऱ्याकडून समास आधी वाचून घ्यावा.

चौकटीत घालून भिंतीवर मुळीच लावू नयेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात उजेड आणि उष्णता दोन्ही रंगांना मारक आहेत. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी तर पूर्णपणे वर्ज्य समजावी. जेथे हिरवा रंग आहे तेथे पान विशेष जपून हाताळावे, कारण तांब्यापासून केलेला जंगाल कागद खातो आणि तेवढाच भाग तुकडा होऊन गळतो. दोन्ही पाने आम्लविरहित कागदात स्वतंत्र गुंडाळून, सपाट ठेवून, वर स्वच्छ सुती वेष्टन बांधावे. दिवाणखान्यासाठी उत्तम छायाप्रत काढून घ्यावी.