स्पर्धक ब्राउझर कंपनीत आणि तेही परदेशात: एका सुरक्षा अभियंत्याच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतात एका ब्राउझर कंपनीच्या सुरक्षा गटात तुम्ही काही वर्षे काम करत आहात आणि आता दुसऱ्या ब्राउझर कंपनीने कॅलिफोर्नियातील जागा देऊ केली आहे. सध्याच्या करारातील ‘स्पर्धकाकडे जाणार नाही’ हे कलम आड येईल का, व्हिसाचे कसे होईल, आणि इतक्या वर्षांत डोक्यात साठलेल्या माहितीचे काय करायचे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी याच क्षेत्रात हे दोन्ही बदल एकदम केले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. माहितीचा प्रश्न तुम्ही शेवटी आणि काहीशा संकोचाने विचारला आहे. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी.

स्पर्धकाकडे जाण्यात अप्रामाणिकपणा नाही, हे आधी स्पष्ट करतो. सुरक्षातज्ज्ञ विंडो स्नायडर यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये सुरक्षेचे काम केले, २००६ मध्ये त्या फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुख झाल्या आणि २०१० मध्ये ॲपलमध्ये गेल्या. तिन्ही कंपन्यांचे स्वतःचे ब्राउझर होते, आणि या ये-जा करण्यातून वापरणाऱ्यांचे नुकसान झाले असे कोणी म्हणणार नाही. सँडबॉक्स (वेबपानांचा कोड बाकी संगणकापासून वेगळा ठेवणारे कुंपण) कसा तपासायचा, फझर (वेडावाकडा मजकूर भरवून चुका शोधणारा प्रोग्राम) कसा लिहायचा, जेआयटी कंपायलरमध्ये (वेबपानाचा कोड चालता चालता यंत्रभाषेत बदलणाऱ्या भागात) कोणत्या प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा होतात, हे सगळे तुमचे कौशल्य आहे आणि ते तुमच्याबरोबरच जाणार. मात्र अमुक घटकात अजून न बुजवलेली त्रुटी आहे, अमुक संरक्षण पुढच्या वर्षी येणार आहे, अमुक भागाला गटातले सगळेच हात लावायला घाबरतात, ही माहिती तुमची नाही. सीमारेषा दर वेळी इतकी ठळक नसते. अशा वेळी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट मला प्रसिद्ध झालेल्या सूचनांमधून, शोधनिबंधांतून किंवा खुल्या कोडच्या इतिहासातून कळू शकली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर बोलतो, नाहीतर गप्प राहतो.

न बुजवलेल्या त्रुटींबद्दल मात्र नुसते गप्प राहणे पुरेसे नाही. ज्या कोडमध्ये ती त्रुटी आहे तो कोड कदाचित नव्या कंपनीच्या ब्राउझरमध्येही असतो. सप्टेंबर २०२३ मधील लिबवेबपी या लायब्ररीचे (अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडचे) उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. ॲपलच्या सुरक्षा गटाने आणि टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने ६ तारखेला ती त्रुटी गूगलला कळवली, ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली आणि दुसऱ्याच दिवशी फायरफॉक्सची, कारण चित्रे उलगडणारी लायब्ररी दोघांचीही तीच होती. अशी एखादी त्रुटी तुम्हाला जुन्या कंपनीत गोपनीयतेच्या अटीवर कळलेली असेल आणि ती नव्या कंपनीलाही लागू असेल, तर रुजू झाल्यावर ती नव्या व्यवस्थापकाच्या कानावर घालू नका. निघण्यापूर्वीच जुन्या गटाला लेखी सांगा की ही लायब्ररी इतरही वापरतात आणि त्यांना कळवणे आवश्यक आहे. ब्राउझर कंपन्यांच्या सुरक्षा गटांमध्ये एकमेकांना कळवण्याचे मार्ग असतात आणि माहिती त्याच मार्गाने गेली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या वापरकर्त्यांचे रक्षण त्यानेच होते, आणि नव्या कंपनीतला पहिला दिवस तुम्हाला मोकळ्या मनाने सुरू करता येतो.

आता एक बारीकशी गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. खुल्या प्रकल्पांत आपण अनेकदा खासगी ईमेलच्या खात्याने बग ट्रॅकरवर (कोडमधील चुका, म्हणजे बग, नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) वावरत असतो. बगझिला या मोझिलाच्या ट्रॅकरमध्ये एखादा बग सुरक्षा गटापुरता बंद असला, तरी त्याच्या सीसी यादीत (नव्या टिपण्या ज्यांना ईमेलने जातात त्यांच्या यादीत) ज्याचे नाव आहे त्याला तो गटाबाहेर पडल्यावरही दिसू शकतो. म्हणजे कंपनीचे खाते बंद झाल्यानंतरही तुमच्या खासगी पत्त्यावर बंद बगांवरच्या टिपण्या येत राहतील, आणि तोवर तुम्ही स्पर्धकाच्या नोकरीत असाल. शेवटच्या आठवड्यात अशा सर्व बगांची यादी काढा, स्वतःचे नाव काढून टाका, जिथे ते जमणार नाही तिथे ट्रॅकरच्या व्यवस्थापकांना लेखी विनंती करा आणि त्या विनंतीचे उत्तर जपून ठेवा. घरच्या संगणकावरील क्रॅश फाइली, चाचणीचे नमुने, बैठकींच्या नोंदी यांचेही तसेच. मात्र परस्पर पुसून टाकू नका, कारण नंतर वाद झाला तर ते पुरावा नष्ट करणे वाटू शकते. कंपनीला सांगा आणि ती म्हणेल तसे करा.

हे इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. अँथनी लेवांडोव्स्की यांनी गूगलचा स्वयंचलित मोटारींचा प्रकल्प सोडण्यापूर्वी सुमारे १४,००० फाइली उतरवून घेतल्याचा आरोप झाला. पुढे त्यांनी व्यापारी गुपिताच्या चोरीचा गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. त्या प्रकरणाशी तुमचा काहीच संबंध नाही, परंतु व्हिसावर असलेल्या माणसाच्या बाबतीत नुसती वकिलाची नोटीससुद्धा फार जड पडते. नव्या कंपनीने वादाच्या भीतीने नोकरी काढून घेतली, तर एच-१बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावरील व्यक्तीला दुसरी नोकरी शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घर, मुलांची शाळा, जोडीदाराचे वास्तव्य, सगळेच त्या एका परवान्यावर उभे असते. तुम्ही मायदेशी राहून स्पर्धकाकडे गेला असता, तर एवढी जोखीम नव्हती.

कराराच्या कलमाची चिंता तुलनेने कमी करा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सुटल्यानंतर व्यवसायावर घातलेली बंदी सामान्यतः टिकत नाही. कॅलिफोर्नियात अशी कलमे रद्दबातल आहेतच, आणि १ जानेवारी २०२४ पासून तिथला कायदा असेही सांगतो की करार कुठेही झालेला असला तरी ते कलम तिथे लागू करता येणार नाही. मात्र गोपनीयतेचे कलम दोन्हीकडे सामान्यतः टिकते आणि नोटीस पिरियडही पाळावाच लागतो. नवी कंपनी ऐनवेळी जागा कॅलिफोर्नियाऐवजी दुसऱ्या राज्यात देऊ लागली, तर तिच्या ऑफर लेटरमधील अटी पुन्हा वाचा. उदाहरणार्थ, वॉशिंग्टन राज्यात २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने अशा कलमांवर मर्यादा घातल्या, पण जास्त पगार असलेल्यांच्या बाबतीत ती पूर्णपणे रद्द केली नाहीत.

व्हिसाबाबत: सध्याच्याच कंपनीने तुम्हाला अमेरिकेत पाठवले असते तर एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) हा मार्ग होता, स्पर्धकाकडे जाताना तो बंद होतो, कारण त्यासाठी त्याच कंपनीसमूहात किमान एक वर्षाचे काम लागते. उरतो एच-१बी, ज्याच्या वर्षाला ८५,००० जागा असतात. त्यासाठी मार्चमध्ये नोंदणी, मग निवड, आणि काम सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडतो. सप्टेंबर २०२५ मधील अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरील उमेदवाराच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची आकारणी लावली. तिची आजची स्थिती काय आहे आणि ती रक्कम कंपनी भरणार का, हे लेखी घ्या. सुरक्षा क्षेत्रात नाव झालेल्यांसाठी ओ-१ (असाधारण क्षमतेच्या व्यक्तींचा व्हिसा) हाही मार्ग आहे, त्यात निवडीची सोडत नसते. सीव्हीई सूचनांमध्ये (सुरक्षा-त्रुटींच्या क्रमांकित जाहीर नोंदींमध्ये) तुमच्या नावाने दिलेले श्रेय, परिषदांतील व्याख्याने, परीक्षक म्हणून केलेले काम, हे सगळे आतापासून जमवून ठेवा.

त्याचबरोबर जुन्या कंपनीकडून कामाचे सविस्तर अनुभवपत्र निघण्यापूर्वीच घ्या. पुढे ग्रीन कार्डच्या (अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) प्रक्रियेत पूर्वीच्या मालकाचे असे पत्र लागते, आणि तेव्हा तो मालक तुमचा स्पर्धक असेल. नुसते रिलीव्हिंग लेटर त्या कामी येत नाही. हुद्दा, तारखा आणि कामाचे स्वरूप त्यात आले पाहिजे. मजकुराचा मसुदा तुम्हीच द्या, त्यात गुपित काही येणार नाही याची काळजी घेऊन.

सर्वांत अवघड काळ असतो तो ऑफर स्वीकारल्यापासून व्हिसा हाती येईपर्यंतचा. तो कित्येक महिन्यांचा असू शकतो आणि त्या काळात जुन्या कंपनीची नवनवी गुपिते तुमच्यासमोर येतच राहतात. पासपोर्टवर शिक्का पडण्यापूर्वी राजीनामा द्या असे मी सांगणार नाही. कुटुंब असलेल्या माणसाला ते परवडत नाही. पण पुढच्या वर्षाच्या संरक्षण-आराखड्याचे काम कोणी देऊ केले तर ते सहकाऱ्याकडे जाऊ द्या, आणि हाती असलेल्या त्रुटी बुजवण्यावर भर द्या. नव्या कंपनीतील लोकांशी या काळात फक्त व्हिसा आणि रुजू होण्याच्या तारखेविषयी बोला. राजीनामा द्याल त्याच दिवशी, सुरक्षा बगांचा प्रवेश ताबडतोब काढून घ्यावा अशी विनंती स्वतःहून करा आणि ती ईमेलवर करा.