ही उन्हाळी नव्हे, ताई

प्रश्न : वय ५२. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, अमळनेरहून तापीकाठच्या गावाला रोज अप-डाउन करते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. दिवाळीपासून आतापर्यंत चार वेळा लघवीला आग, सारखं जावंसं वाटणं, गेलं की थेंबभर होणं, असं झालं. मेडिकलवरून गोळ्या आणते, दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, की बंद करते. महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, मिरची आणि कळण्याची भाकरी सोड. स्वच्छता भरपूर पाळते, पाण्यात जंतुनाशक टाकून धुते. तरी हे का जात नाही?
ता. क. शाळेच्या बाथरूमला पाणी नसतं, म्हणून सकाळच्या चहानंतर मी काही पीत नाही.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ता. क.मध्ये ढकलली आहे. तिच्याकडे येतेच. आधी कळण्याची भाकरी सोडवते, ती बिचारी निर्दोष आहे.

आपल्याकडे 'लघवीले आग व्हस' म्हटलं की घरात एकच निदान होतं, उन्हाळी लागली. वैशाखात शेतातून आलेल्या बाईला ती लागतेही. घामात पाणी जातं, लघवी पिवळीजर्द होते, चरचरते. दोन तांबे पाणी पोटात गेलं की उतरते. पण तुमचं सुरू झालं दिवाळीत, थंडी पडताना! आणि चार वेळा. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की आम्ही त्याला वारंवार होणारा जंतुसंसर्गच म्हणतो. बहुतेक वेळा जंतू ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर, त्यामुळे त्याला फार चालावं लागत नाही. तुम्ही अस्वच्छ आहात म्हणून हे होत नाही, हे सासूबाईंनाही वाचून दाखवा. उलट ते जंतुनाशक आजच बंद करा. तिथले राखणदार जंतू त्याने मरतात. साधं पाणी पुरे, आणि धुताना-पुसताना हात पुढून मागे.

आता पाणी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार हा त्रास होणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध काही नाही, नुसतं पाणी. मी पेशंटला सांगते, बाटली घेऊन या. संध्याकाळी पाचला आलेल्या मास्तरीणबाईंची स्टीलची बाटली हलवली की डुबुक डुबुक वाजते, सकाळी भरलेली तशीच. (हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.)

पण त्या अभ्यासातल्या बायकांची पाळी चालू होती. तुमची गेली आहे, आणि तुमच्या बाबतीत हे मोठं कारण असू शकतं. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटलं की योनीमार्गातली आम्लता कमी होते, राखणदार लॅक्टोबॅसिलस पांगतात, ई. कोलायला रान मोकळं. यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात फारच कमी उतरतं. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, आणि बायका नेमक्या दुसऱ्या महिन्यात कंटाळतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी सांगा.

मेडिकलच्या गोळ्यांबद्दल रागावणार होते, पण सुरुवातीची काही वर्षं मीही कल्चर (लघवीत कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणती गोळी चालते, हे पाहणारी तपासणी) न करता चिठ्ठी लिहायचे. एक बाई पाचव्यांदा आली, तेव्हा तपासलं, तर मी देत होते ती गोळी तिच्या जंतूवर चालतच नव्हती. म्हणून पुढच्या वेळी गोळी घेण्याआधी कल्चर. पहिली धार सोडून द्या, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या, लगेच पोचवा. एकीने लोणच्याच्या बरणीत आणली होती. रिपोर्टात तीन जातींचे जंतू, त्यात तिचा कोणता आणि लोणच्याचा कोणता, देव जाणे! मग जी गोळी मिळेल तिचा कोर्स पुरा करा. आग शमवणारं लघवीचं सिरप स्वतःच्या मनाने जोडू नका, नायट्रोफ्युरँटॉइन ही अँटिबायोटिक गोळी चालू असेल तर तिचा जोर सिरपने कमी होतो. आणि त्रास नसताना 'बघू तरी' म्हणून कल्चर करू नका.

एकदा साखर तपासा. सोनोग्राफीत खडा आहे का आणि लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते, तेही पाहून घ्या. संबंधांनंतर लघवीला जाऊन यायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. हुडहुडी भरून ताप, कुशीत दुखणं, उलट्या यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीत रक्त दिसलं असेल तर संसर्ग बरा झाल्यावरही तपासणी करायचीच.

राहिली ता. क. शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. तुमच्या वर्गातल्या पोरीही सकाळपासून कळ काढत बसत असतील. शाळा व्यवस्थापन समितीपुढे नळाचा विषय घ्या. तो येईपर्यंत दोनशे लिटरचा एक ड्रम आणि एक मग. सकाळी भरायला गावातलं कोणी ना कोणी मिळतंच.