खांब दुप्पट महाग, पण खड्डा तोच

प्रश्न: कुंपणासाठी ४० लाकडी खांब लागणार आहेत. प्रक्रिया केलेले, म्हणजे सडू नयेत म्हणून रसायन मुरवलेले खांब साध्या खांबांच्या दुप्पट किमतीला मिळताहेत. साधेच घेतले आणि वाचलेली रक्कम गुंतवली, तर हे सडेपर्यंत नव्या खांबांचे पैसे तयार होतील ना? नाहीतरी सगळे काँक्रीटमध्येच पुरणार आहे.

तुमच्या हिशेबात खांब आहे, खड्डा नाही.

साध्या खांबाची किंमत १ भाग धरू. खड्डा खणणं, खांब ओळंब्यात उभा करणं, खडी-सिमेंट, हे सगळं दीड भाग. म्हणजे साधा खांब उभा राहतो अडीच भागांत, प्रक्रिया केलेला साडेतीन भागांत. दुप्पट वाटणारा फरक प्रत्यक्षात ४० टक्के आहे.

आता तो वाचलेला १ भाग वर्षाला १० टक्क्यांनी वाढतो असं समजा. ५ वर्षांनी १.६१ होतील. ओल धरणाऱ्या जमिनीत साधं मऊ लाकूड बहुधा तेवढ्यातच मान टाकतं. महागाई ६ टक्के धरली तर तेव्हा अडीच भागांचं काम ३.३५ भागांना पडेल. ही तूट भरून काढायला वर्षाला सुमारे २७ टक्के परतावा लागेल, आणि तो देणारी गुंतवणूक मी कुणाला सुचवणार नाही. शिवाय सडका बुंधा काँक्रीटच्या गोळ्यासकट उपटण्याची मेहनत मी यात धरलेलीच नाही. ते काम एकदा केलेला माणूस दुसऱ्यांदा स्वस्त खांब मागत नाही.

सगळं काम स्वतःच्या हातांनी करणार असाल आणि खडी-सिमेंटचा खर्चही बाजूला ठेवला तर? मग पहिली फेरी खरोखर निभावते: गरज १.३४ भागांची, हातात १.६१. पण दहाव्या वर्षी शिल्लक ०.४४ असेल आणि गरज १.७९. प्रक्रिया केलेला खांब नीट पुरला तर १५-२० वर्षं सहज काढतो. जागा ४-५ वर्षांत सोडणार असाल, तरच साधे घ्या.

काँक्रीटबद्दल मात्र थांबा. लाकूड सडवते ती बुरशी. तिला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत हवा कमी, वर लाकूड वाळत राहतं. म्हणून खांब जातो तो जमिनीलगतच्या वीतभर भागात. काँक्रीटच्या वाटीत बसवलेलं लाकूड सुकून आकसतं, भोवती फट पडते, तिच्यात पाणी साठतं. वाटीला तळ ठेवू नका. खड्ड्याच्या तळाशी १०-१५ सेंटिमीटर खडी, तिच्यावर थेट खांब, भोवती काँक्रीट, आणि त्याचा माथा जमिनीच्या थोडा वर, बाहेर उतरता. खांबाच्या एकूण लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग जमिनीत हवा. पाण्याचा निचरा चांगला असेल तर नुसती खडी थराथराने ठोकून भरली तरी भागतं, आणि सिमेंटचा खर्च वाचतो.

दुप्पट पैसे वाया घालवायची एक सोपी वाट आहे: लांबी जुळवायला खांब कापायचा आणि कापलेलं टोक खाली पुरायचं. टाकीतली हवा ओढून, मग दाबाने तांब्याची संयुगं लाकडात घुसवतात, पण ती गाभ्यापर्यंत पोचतातच असं नाही. मूळ टोक खाली, कापलेलं वर ठेवा, आणि कापलेल्या टोकाला संरक्षक द्रावण पाजा. माथा तिरका कापा किंवा टोपी बसवा. घेताना ‘जमिनीत पुरण्यासाठी’ असा दर्जा छापलाय का तेही बघा. नुसतं ‘प्रक्रिया केलेलं’ म्हणजे जमिनीच्या वर वापरायचंही असू शकतं. ब्रशने तेल लावलेला साधा खांब या हिशेबात साधाच धरा.

फरकाची रक्कम आपत्कालीन निधीतून काढू नका, कर्ज तर नकोच. यंदा फक्त खांब उभे करा, आडव्या पट्ट्या आणि फळ्या पुढच्या वर्षी. त्या मातीला टेकत नसतील तर साध्या लाकडाच्याही चालतील. तेवढेही पैसे नसतील, तर कोपऱ्यांचे आणि फाटकाचे खांब आधी; सगळ्यात जास्त ताण त्यांच्यावरच येतो.