सतत तोंड येतं, कायमचा उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की दर महिन्या-दीड महिन्याने तोंड येतं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या की आठवड्याभरात बरं वाटतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. मी हे कित्येक वर्षं भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

साधा व्रण 7 ते 14 दिवसांत आपला आपणच भरून येतो. त्यामुळे गोळीने गुण आला असं वाटलं, तरी तो गोळीचाच असेल असं नाही. पुढच्या वेळी तोंड आलं की आधी आरशासमोर उभ्या राहा, ओठ उलटा करून व्रण नेमका कुठे आहे ते बघा आणि तारखेसकट लिहून ठेवा. माझा गुंता त्या वहीनेच सुटला.

वहीत दिसलं की एक व्रण दर वेळी जिभेच्या डाव्या कडेलाच येतोय, अगदी त्याच जागी. दंतवैद्यांनी दाढेवरून बोट फिरवलं आणि लगेच सांगितलं, जुनं सिमेंट तुटून कड धारदार झालीय. कड घासून गुळगुळीत केली, तिथला व्रण परत आला नाही.

बाकीचे मात्र जागा बदलायचे. कधी ओठाच्या आत, कधी गालाला, कधी जिभेखाली. मसुराच्या दाण्याएवढे, मध्ये पिवळट-पांढरे, भोवती लाल कडा. आदल्या दिवशी तिथे नुसती चुरचुर. असं असेल तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12 आणि फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्वच). माझं बी-12 बरंच कमी निघालं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढल्यावर काही महिन्यांत व्रण खूपच कमी झाले. एक कळकळीने सांगते, रक्त देण्याआधी मनानेच गोळ्या घेऊ नका. आकडे चांगले दिसतात आणि खरी कमतरता झाकली जाते.

टूथपेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा घटक) आहे का तेही बघा. ते नसलेली पेस्ट वापरून काहींना फरक पडतो. ताण आणि जागरणं यांचाही संबंध असतो. काही औषधांनीही तोंड येतं, तेव्हा चालू असलेली औषधं डॉक्टरांना जरूर सांगा, पण परस्पर बंद करू नका.

दुखणं कमी करायला कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. डॉक्टरांनी ट्रायमसिनोलोनची (सूज-दुखणं कमी करणाऱ्या स्टिरॉइडची) पेस्ट दिली तर ती चुरचुर सुरू झाली की लगेच लावावी. रात्री जेवण आणि दात घासणं उरकल्यावर व्रण कापसाने टिपून कोरडा करायचा, पेस्ट नुसती टेकवायची, चोळायची नाही. मी आधी चोळत होते, ती खडबडीत होऊन निघून जायची. अ‍ॅस्पिरिनची गोळी व्रणावर ठेवू नका, तिने आतली त्वचा भाजते.

तीन आठवड्यांत न भरलेला व्रण मात्र दाखवलाच पाहिजे. दुखत नाही म्हणून तर मुळीच सोडू नका; कर्करोगाचा व्रण सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. कड टणक लागणं, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, गिळायला त्रास, यातलं काहीही असेल किंवा तंबाखूची सवय असेल, तर तीन आठवडेही थांबू नका. व्रणांबरोबर डोळे लाल होणं, जननेंद्रियावर व्रण, सततचे जुलाब किंवा वजन घटणं असेल, तर दंतवैद्यांबरोबर फिजिशियनलाही दाखवा.